पूजेच्या दुपारचा सिनेमा

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. नवरा आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर. कंपनीत सत्यनारायण असला की घरच्यांनाही बोलावत. त्या दुपारी प्रसाद झाल्यावर कॅन्टीनमध्ये व्हिडिओ लावला. जहाज फुटून बेटावर अडकलेल्या गोऱ्याचा इंग्रजी सिनेमा, कुठल्याशा जुन्या कादंबरीवरचा.

इंग्रजी कुणाला कळेना, म्हणून नवरा उभा राहून मराठीत सांगायला लागला. लोक हसत होते. मग टीव्हीवर माणसं कापली जायला लागली, बंदुकीचे बार उडाले आणि जीव वाचलेल्या तिथल्या एका आदिवासीने गोऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"तो म्हणतोय, आजपासून तू माझा मालक," नवऱ्याने सांगितलं आणि पुढच्या रांगेतल्या एका कामगाराकडे बोट केलं. "हा बघा आपला जंगली! जांभूळ गावच्या रानात सापडला."

कामगाराच्या शेजारी त्याची बायको मूल घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली.

"सायेब, बस झाला आता," तो म्हणाला.

"असं कसं? चल, पाया पडून दाखव!"

तो उठला. टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा जग उचलून त्याने नवऱ्याच्या कानावर हाणला. नवरा खुर्च्यांवर कोसळला, तरी तो छातीवर बसून मारतच राहिला. मी त्याची कॉलर ओढली, तर त्याचं कोपर बसून माझा दात तुटला. मग सगळेच त्याच्यावर तुटून पडले, रोज त्याच्यासोबत डबा खाणारेसुद्धा. बायको त्याच्या अंगावर आडवी पडली. तिलाही लाथा बसल्या. टीव्ही बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

चौकीत नवऱ्याने सांगितलं, "दारू पिऊन आला होता."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. तोंडात रक्ताची चव होती. मी म्हटलं, "प्यायला नव्हता. ह्यांनीच त्याला बायकोदेखत पाया पडायला सांगितलं."

घरी आल्यावर नवऱ्याने माझ्या मुस्काटात मारली. मीही उलटून मारली, सगळा जोर लावून. पट्टी बांधलेल्या कानावर हात धरून तो खाली बसला. त्यानंतर त्याने माझ्यावर हात उचलला नाही, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललोही नाही.

केस मिटली. कामगाराची नोकरी मात्र गेली. पुढे आम्ही बदलापुरात कात्रपला राहायला गेलो. एकदा बदलापूर स्टेशनवरून रिक्षात बसले, तर चालवणारा तोच. घरापाशी मी उतरताना त्याने विचारलं, "सायबाला आयकू येतं का?"

"एकाच कानाने."

त्याने मान हलवली आणि रिक्षा वळवून निघून गेला.