कागदावरचा धर्म

माझा धाकटा भाऊ सीमेवर मारला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीतले एक क्लार्क अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरी आले. हातात यादी होती : मैदान, मंडप, लाकडं, फुलांनी सजवलेली गाडी, भटजी. माणूस चांगला होता. खुर्ची बाजूला सारून आईसमोर फरशीवरच बसला.

पप्पा म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे, साहेब. भटजी नको. आम्ही बौद्ध आहोत. भन्तेजींना आम्ही बोलावलंय, उल्हासनगरहून."

क्लार्क गोंधळले. पलटणीकडून आलेला कागद त्यांनी मोबाईलवर उघडला. "यात तर हिंदू लिहिलंय हो."

पप्पांनी चष्मा लावला, वाचलं आणि मोबाईल परत दिला.

भरतीचा फॉर्म आमच्याच ओट्यापाशी भरला होता. भावाने विचारलं होतं, "पप्पा, बौद्ध लिहू ना?" पप्पा म्हणाले होते, "शाळेच्या दाखल्यावर आहे तेच लिही. फरक दिसला तर बाहेर काढतील. आधी नोकरीला लाग." आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवर उभं राहिलेल्या माणसाचं ते उत्तर होतं. घरात रोज वंदना आणि कागदावर हिंदू, असं आमच्या चाळीत कितीतरी घरांत होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

क्लार्क गेल्यावर मी पप्पांना म्हणाले, "तुम्हीच लिहायला लावलंत ना त्याला?"

आजही माझं ते वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

सकाळी पार्थिव आलं. घरात दहा मिनिटं दिली होती. बंदोबस्तासाठी रस्ते बंद केले होते, भन्तेजी त्यात कुठेतरी अडकले. मग पप्पांनीच त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा म्हणताना ते अडखळले आणि पुढचं आईने म्हटलं. तेवढ्यात जवानांनी पेटी उचलली.

मैदानावर चितेजवळ भटजी बसलेले दिसले. मी तडक पार्थिवासोबत आलेल्या सुभेदारांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बहनजी, परिवार जो कहेगा वही होगा. मैं बात करता हूँ." ते स्टेजकडे गेले. पण तोवर पुढारी येऊन बसले होते, निवेदकाने नावं घ्यायला सुरुवात केली होती. सुभेदार परत आले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. "पाँच मिनट की बात है, बहनजी."

लाउडस्पीकरवर मंत्र सुरू झाले. कुणीतरी पप्पांच्या खांद्यावर पाण्याने भरलेलं मडकं ठेवलं. भटजी म्हणाले, "आता तीन फेऱ्या मारा."

पप्पा जागचे हलले नाहीत. भटजींनी पुन्हा सांगितलं. पप्पांनी मडकं उतरवून गवतावर ठेवलं. "हे मी करणार नाही. आमच्यात नाही हे."

माईक जवळच होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. भटजी मागे सरकले, घाबरले असावेत. मागून एकजण ओरडला, "अरे, आज तरी जात काढू नका!"

आई वळली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण सुभेदारांनी हुकूम दिला आणि बंदुकांच्या फैरी झडल्या. ती दचकून माझ्या अंगावर आली. बिगुल वाजला. तिरंग्याची घडी आईच्या हातात दिली गेली. पप्पांनी फेऱ्या न मारता अग्नी दिला.

अर्ध्या तासात मैदान रिकामं झालं. मंडपवाले खुर्च्या एकात एक रचू लागले. तेव्हा भन्तेजी चालत आले, विठ्ठलवाडीपासून रिक्षाच मिळाली नव्हती म्हणाले. आम्ही सातजण चितेसमोर बसलो आणि त्यांनी सूत्रपठण सुरू केलं.

पप्पा आले नाहीत. ते लांब, मंडपाच्या खांबाशी उकिडवे बसले होते. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "तू जा. मी कुठल्या तोंडाने बसू?"

मी त्यांच्या शेजारी बसले. लाकडं ओली होती, धूर आमच्याकडेच येत होता. पठण संपेपर्यंत आम्ही तिथेच होतो.