नऊ पाट आणि कुलुपातली वही

शुक्रवारी सकाळी नलूताईंच्या कारखान्यात नऊ पाट जास्त निघाले. गणपती सोमवारी होते.

पेणच्या बाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे गणपतीची ऑर्डर दिली की गिऱ्हाईक शेवटच्या आठवड्यात आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून ठेवतं. पाटाच्या मागे खडूने नाव आणि गाव. मूर्ती त्या पाटावर बसते आणि त्याच पाटावरून घरी जाते. म्हणजे जितके पाट तितके गणपती. इथे पाट नऊ जास्त होते आणि माझ्या यादीप्रमाणे काम चोख झालेलं होतं.

"मोकलबाय, ह्ये बघ." नलूताईंनी तीन पाट भिंतीला उभे करून ठेवले होते. तिन्हींवर जनार्दन म्हात्रे. तिन्हींवर गावही तेच. "तुझ्या काम्पुटरात जनार्दन म्हात्रे किती?"

मी प्रिंटाउट पाहिला. "एक."

"आन माज्यासमोर?"

"तीन."

"मंग दोन घरांत सोमवारी काय बसवायचं? तुझा काम्पुटर?"

मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ईडीपी विभागात होते. ईडीपी म्हणजे कंपनीची कॉम्प्युटरची खोली. तिथे एसी असायचा, म्हणून सगळे आमच्यावर जळायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या साहेबांना वाय-टू-केने पछाडलं होतं. साल दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असा तो प्रकार. मी एसटीडी बूथवरून त्यांना फोन केला, आज येता येणार नाही म्हणून.

"मॅडम, जग बुडायला चार महिने राहिलेत!"

"सर, इथे तीन दिवसच राहिलेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तर तो प्रोग्राम. पेणला देवधर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे आम्ही दहा-बारा जण रविवारी जमायचो. कॉलेजची मुलं, एक घड्याळदुरुस्तीवाले, एक प्राध्यापक, मी. मूर्तीच्या कारखान्यांसाठी आम्ही एक प्रोग्राम लिहिला. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, मूर्तीची उंची, बैठक, पितांबराचा रंग. तो फुकट होता आणि उघडाही होता. उघडा म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींनी बनतो त्या ओळी, म्हणजे सोर्स कोड, आम्ही छापून टेबलावर ठेवायचो. ज्याला हवा त्याने न्यावा, वाचावा, बदलावा. बदल केला, चूक सापडली, सूचना असली तर क्लासमधल्या वहीत लिहावी. याला ओपन सोर्स म्हणतात हे आम्हाला बरंच नंतर कळलं.

वहीत सर्वांत जास्त लिहायचे आबा घरत. कासूचे. आयुष्यभर मिठागरावर मुकादम होते. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही, लावायची इच्छाही नव्हती. पण छापलेला कोड घरी नेऊन बोट ठेवून वाचायचे, आणि दर दोन दिवसांनी पॅसेंजरने पेणला येऊन वहीत आपलं मत मांडायचे. मत म्हणजे शिव्याच. प्राध्यापकांच्या कोडबद्दल त्यांनी लिहिलं, 'हे कोणी लिहिलं? याला बांध नाही, उघाडी नाही, पाणी येतं कुठून आणि जातं कुठे?' उघाडी म्हणजे बांधातलं खाडीच्या पाण्याचं दार. प्राध्यापक यायचे बंद झाले. घड्याळवाल्यांच्या बाबतीत त्यांच्या घड्याळांचाही उद्धार झाला. तेही गेले. महिन्याभरात आम्ही चौघे उरलो.

म्हणून मी मॉडरेटर झाले. शब्द एका मासिकात वाचला होता. मॉडरेटर म्हणजे कोणी काय लिहायचं ते ठरवणारा माणूस. मी, देवधर सर आणि नलूताई अशी समिती झाली. नलूताई नावापुरत्या, कारण त्यांचे हात कायम रंगात असायचे. नियम मी लिहिले. एका माणसाला आठवड्यात एक वार. एका वेळी एक पान. व्यक्तीचं नाव घेऊ नये. असभ्य मजकूर काळ्या मार्करने खोडला जाईल. वही कपाटात, कपाटाला कुलूप. आबांना मंगळवार मिळाला.

खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. कंपनीत माझं कोणी ऐकायचं नाही. इथे माझ्या हातात मार्कर होता. प्रिंटर कसा जोडायचा, असं एका मुलाने विचारलं, ते मी 'विषयाला सोडून' म्हणून खोडलं. शेवटी शेवटी तर वहीत तीन आठवड्यांत एकच मजकूर मंजूर झाला. 'छान उपक्रम. शुभेच्छा.' तो एका विमा एजंटने लिहिला होता, खाली पत्त्यासकट.

आता नऊ पाटांचं कारण. कॉम्प्युटरला प्रत्येक नोंदीसाठी ओळखीची एक खूण लागते. आमची खूण होती नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव. पुढे देवधर सरांना स्क्रीनवर पितांबराच्या रंगाला जागा कमी पडली, म्हणून त्यांनी वडिलांचं नाव काढून टाकलं. तसं वहीत लिहिलंही. आम्ही सगळ्यांनी त्यापुढे बरोबरची खूण केली. त्यानंतर दुसरा जनार्दन म्हात्रे आला की कॉम्प्युटर म्हणायचा, हा आपला ओळखीचा, आणि पहिल्याची ऑर्डर पुसून त्यावर दुसऱ्याची लिहायचा.

आम्ही सगळे इथलेच. एका गावात एका नावाचे चार जण असतात हे आम्हाला का सुचू नये? कारण आम्ही त्यांना कधी त्या नावाने ओळखतच नाही. एक बंधाऱ्यावरचा, एक टेलर, एक मुंबईवाला. पूर्ण नावाने त्यांना फक्त तलाठी ओळखतो, आणि तलाठी आमच्या ग्रुपमध्ये नव्हता.

"ताई, त्या नऊ घरी जाऊन विचारून येऊ," देवधर सर म्हणाले.

"आन काय विचारनार? तुमचा गणपती कसला होता वो, आमी इसरलो? उद्या पुरा तालुका बोलंल." नलूताईंचा आवाज बसला. "सासऱ्यांपासून कारखाना हाय. एक ऑर्डर कधी चुकली नाय. औंदा तू ऑर्डरची वही नको म्हनालीस, मी वही बंद केली."

ते खरं होतं. मीच म्हणाले होते. मला तिथे उभं राहवेना.

कारखान्यात फुटतुटीसाठी ठेवलेल्या पंधरा-वीस कच्च्या मूर्ती होत्या. रंग द्यायला दोन दिवस पुरले असते. पण कोणाची बैठक कुठली, कोणाला पितांबर कुठला, ते कळायला हवं होतं. जुनी यादी क्लासमध्ये नव्हती. दर मंगळवारी आम्ही नवी यादी त्याच फ्लॉपीवर, जुनीच्या डोक्यावर ठेवायचो. छापलेल्या याद्या टेबलावर फुकट असायच्या. नलूताईंकडच्या रंगाच्या डब्यांखाली गेल्या होत्या. लोकांनी त्यात वडे बांधून नेले होते.

"आबा नेतात की दर वेळी," देवधर सर हळूच म्हणाले.

आम्ही दुपारच्या गाडीने कासूला गेलो. आबा ओटीवर बसले होते. शेजारी सुतळीने बांधलेला प्रिंटाउटचा गठ्ठा, सगळ्या मंगळवारांचा. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"आन माझा वार?"

"मंगळवार. पण आबा, मंगळवारी गणपती बसलेले असतील!"

"मी काय करू? नियम तुमचा हाय. सही तुझी हाय." त्यांनी माझ्या नियमांची कार्बन कॉपी काढून गठ्ठ्यावर ठेवली.

"मी नियम आत्ता रद्द करते."

"कसा? नियम बदलायचा तर सात दिस बोर्डावर लावायचा. नियम नववा."

नववा नियम मला फार आवडला होता. लिहिताना मी तो दोनदा मोठ्याने वाचला होता.

"तातडीच्या वेळेची काहीतरी सोय असेल ना?" देवधर सरांनी विचारलं.

"तुमी लिवली?"

"नाही."

"मंग नाय." आबांनी कॉपीवर बोट फिरवलं. "येक वाट हाय. नियम सहावा. समितीनं चुकून खोडलेला मजकूर समितीनं आपल्या हातानं परत लिवायचा. त्याला वार लागत नाय. ते झालं की गठ्ठा तुमचा."

वही देवधर सरांनी निघताना कपाटातून काढून पिशवीत घातली होती. आबांकडे त्यांच्या प्रत्येक पानाचा कच्चा खर्डा होता. सतरा पानं. ते सांगू लागले आणि मी लिहू लागले.

"पान पयलं. लिव. 'मोकलबाईंना संगणक समजतो, माणूस समजत नाही.'"

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. ते वाक्य ओटीच्या खालूनही वाचता आलं असतं.

"'समजत नाही'च्या खाली रेघ मार. व्हती."

मी रेघ मारली. चौथ्या पानाला देवधर सरांची पाळी आली. त्यांनी आबांच्या तोंडून ऐकत लिहिलं, 'देवधर सरांनी बापाचं नाव काढून पितांबराचा रंग घातला. आता एका गावातले दोन गोविंद घरत एक होतील आणि एकाचा गणपती जाईल. ज्याला बाप महत्त्वाचा की पितांबर हे कळत नाही, त्याने क्लास काढू नये.'

सर लिहायचे थांबले. चूक तिथे होती. तीन महिने आधी, तारखेसकट. शेवटच्या वाक्यासाठी मी वरची दोन्ही वाक्यं मार्करखाली घातली होती.

"दुसरा गोविंद घरत कोण?" मी विचारलं.

"रेशन दुकानवाला."

"आणि पहिला?"

"मी." आबांनी चष्मा पुसला. "तिसऱ्या यादीत मी व्हतो. चवथ्या यादीत तो आला नि मी गेलो. मी बोललो, तुमी खोडलं. फिरून बोललो, फिरून खोडलं. तोंड माझं वाईट हाय, पन माझा गणपती खरा व्हता ना गो?"

मला लाज वाटली, आणि ती मी तशीच सांगते. त्या नऊ पाटांमध्ये त्यांचाही एक होता.

"आबा, कळलं आम्हाला," देवधर सर म्हणाले. "आता थांबू या?"

"नाय. तेरा पानं हायत."

बारावं पान प्रोग्रामच्या पहिल्या स्क्रीनवर टिंबांनी काढलेल्या उंदराबद्दल होतं. हा उंदीर नसून घूस आहे, असं आबांचं म्हणणं. ते आम्ही उतरवलं, पुराव्यादाखलच्या चित्रासह. चित्र सरांना तीनदा काढावं लागलं, कारण त्यांची घूस उंदरासारखी येत होती.

संध्याकाळच्या गाडीने आबा आमच्याबरोबर पेणला आले, गठ्ठा मांडीवर घेऊन. कारखान्यात त्यांनी याद्या ओळीने जमिनीवर मांडल्या आणि एकेक हरवलेला माणूस शोधून काढला. टेलर जनार्दनाला लाल पितांबर. मुंबईवाल्याला सिंहासन. नलूताईंनी खडूने ते पाटांवर लिहून घेतलं आणि शनिवारी उजाडताच ब्रश हातात घेतला. रविवारी दुपारपर्यंत आठ झाले. आबांचा नववा. "माझा मागनं," ते स्वतःच म्हणाले होते. सोमवारी सकाळी त्यांनी तो नेला तेव्हा पितांबर अजून ओला होता आणि त्यांचा अंगठा निळा झाला.

नऊ घरांपैकी कोणालाच काही कळलं नाही. साहेबांनी माझा एक दिवस बिनपगारी केला. पहिली जानेवारी उजाडली आणि कंपनीत काहीही बंद पडलं नाही.

गणपती गेल्यावर समितीची बैठक झाली. नलूताई पहिल्यांदाच आल्या. वही उघडी ठेवावी की कुलुपात, यावर मी आणि सर तासभर वाद घालत होतो. मी आता उघडीच्या बाजूने होते आणि सर कुलुपाच्या, कारण त्यांना ती घूस विसरता येत नव्हती. नलूताईंनी कपाटाची किल्ली उचलून पदराला बांधली.

"वही टेबलावर ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "चूक शाईनं लिवायची. शिवी पेन्सिलीनं. येकच नियम."

पुढच्या मंगळवारी आबांनी आठ पानं लिहिली. सात पेन्सिलीने, एक शाईने. शाईचं पान मी आधी वाचलं. बरोबर होतं. ती चूक दुरुस्त करून मग पेन्सिलीची सात पानं वाचली, आणि सरांनी माझ्यापुढे ठेवलेला खोडरबर न वापरता त्यांना परत दिला.