पचमढीत कुत्रा राखताना

"तुला सायकलची हौस आहे ना? मग ये पचमढीला," असं दादा फोनवर म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. माझ्या हौशी त्याला एरवी आठवत नाहीत. त्याला आणि वहिनीला लग्नासाठी जबलपूरला जायचं होतं, घरी म्हातारा कुत्रा. म्हणून अदलाबदल ठरली: ते माझ्या जबलपुरातल्या, अधारतालच्या घरात, मी त्यांच्या डोंगरावरच्या. मी एकटी, त्यात निवृत्त. 'हिला काय, रिकामीच असते,' हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे.

पहिल्याच सकाळी भाच्याची गिअरची सायकल बाहेर काढली. धूपगडच्या रस्त्याला लागायचं, झाडीतून मनसोक्त भटकायचं, असा बेत होता. पण कुत्रा फाटकाशी पडलेला. उठेना. दूध पुढे केलं, तर तोंड फिरवलं. सायकल भिंतीला टेकवली आणि बाजारातून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

त्यांनी त्याचं पोट चाचपलं आणि नवलाने माझ्याकडे पाहिलं. "दीदी, भैयाजी को तो पिछले हफ़्ते ही बता दिया था। अब इसका टाइम आ गया है। आपसे नहीं कहा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दादाला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

त्याच्या मागे लग्नाचा बँड वाजत होता. "अगं, मले नाही पाहवत. तुझं मन घट्ट आहे. आईच्या वेळी बी तूच होती ना."

होते ना. मन घट्ट म्हणून नव्हे, खोलीत दुसरं कोणी येतच नव्हतं म्हणून. दादा औषधं आणायचा, डॉक्टरांना आणायचा, फळं आणायचा, आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरायचा. आई दाराकडे बघत राहायची. तेराव्याला मात्र सगळ्यांनी माझ्या घट्टपणाचं कौतुक केलं. त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो.

कुत्र्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पण रस्त्यावर जीप वाजली की त्याचे कान उभे राहत.

"तो तुझी वाट पाहून राहिला, माझी नाही," मी म्हटलं. "काहून भितो एवढा? निघ तिथून. नाहीतर माझं घर खाली कर आणि मांडवात झोप!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला, लग्नाच्याच कपड्यांत. कुत्र्याला मान उचलता येईना, शेपटी तेवढी जमिनीवर आपटत राहिली. दादा फाटकाची सळई धरून बाहेरच उभा.

"तू बस," तो म्हणाला, "मी डॉक्टरला घेऊन येतो."

अगदी तेच! इतक्या वर्षांनी, शब्दसुद्धा तेच!

"डॉक्टर येऊन गेले. तू बस." मी फाटक उघडलं, पाण्याची वाटी त्याच्या हातात कोंबली आणि सायकल बाहेर काढली.

"अगं, मी एकटा काय करू?" मागून त्याचा रडवेला आवाज आला.

"आईपाशी मी काय करत होती," मी पायडल मारत ओरडले, "तेच!"