माझी मराठी पेशंट

सरळच सांगते, मला ती सहन व्हायची नाही. ती म्हणजे माझ्याबरोबर ट्रेनिंगला आलेली दुसरी डॉक्टर, रीवाकडची, मराठी न येणारी. एमडी झाल्यावर जोखमीच्या गरोदरपणाचं हे वेगळं ट्रेनिंग असतं. शिकणाऱ्या आम्ही दोघीच, आणि वर एक मॅडम. मॅडम तिच्यावर भलत्याच खूश. तिनं सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवला की बाळ शहाण्यासारखं तोंड दाखवायचं, मी ठेवला की पाठ करून बसायचं. "देखो, कितना साफ आया है!" मॅडम म्हणायच्या, आणि इकडे माझ्या पोटात दुखायला लागायचं. खरोखर दुखायचं हो, डबासुद्धा जायचा नाही.

मॅडमचा एक नियम होता. पेशंटची हिस्टरी, म्हणजे आधीची सगळी हकीकत, जी नीट काढेल तीच पुढे त्या पेशंटच्या वेळी टेबलापाशी उभी राहणार. दुसरीनं बाहेरची कामं बघायची. दर वेळी बाहेर कोण, ते सांगायला नको.

म्हणून आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात फॅक्टरी इस्टेटमधली एक मुलगी सासूबरोबर आली आणि दोघी आपसात मराठीत बोलून राहिल्या आहेत असं कानावर पडलं, तेव्हा मला तर हर्षच झाला. आता बघू म्हटलं, रीवावाली काय करते ते! ही माझी पेशंट.

मुलीला पाचवा महिना होता. तिचं रक्त निगेटिव्ह. बाळाचं पॉझिटिव्ह असलं तर आईचं शरीर बाळाच्या रक्तावर उलटू शकतं, पण सहसा पहिल्या खेपेला असं होत नाही. आधी कधीतरी तसं रक्त तिच्या अंगात मिसळलेलं असावं लागतं. हिच्या रिपोर्टमध्ये तर आत्ताच सगळं उलटलेलं दिसत होतं. हे मिसळलं कधी, तेवढंच मला काढायचं होतं.

सासूबाईंना मी बाहेर बसवलं, दार लावलं. एवढं आम्हाला शिकवलेलंच असतं. मग तिला धीर यावा म्हणून म्हटलं, "अगं, तू तर आपल्यातलीच! तुमच्या इस्टेटच्या गणपतीत माझी आई दरवर्षी भजनाला असते."

"हो ताई, ओळखते मी त्यांना," ती म्हणाली. "आमच्या सासूबाई त्यांच्याच मंडळात आहेत."

झालं, मला वाटलं गड सर केला. "मग सांग बरं, याच्या आधी कधी राहिलं होतं? कधी पडलं, गोळ्या घेतल्या, काही?"

"नाही ताई. पहिलंच आहे."

"रक्त कधी चढवलं होतं?"

"नाही."

मॅडमना मी छातीठोकपणे सांगितलं, पहिलीच खेप. मॅडमना मग रिपोर्टचीच शंका आली. तपासणी पुन्हा करून बघू, त्या म्हणाल्या.

पुढच्या वेळी ती मुलगी तपासणीला आली तेव्हा मी वॉर्डात अडकले होते. रीवावाली तिच्याजवळ बसली, आणि थोड्या वेळानं सरळ मॅडमकडे गेली. लग्नाआधी, कॉलेजात असताना, त्या मुलीला एकदा राहिलं होतं. कुठून तरी गोळ्या आणून घेतल्या होत्या, रक्त खूप गेलं होतं, आणि रक्त असं उलटू नये म्हणून त्यानंतर द्यायचं इंजेक्शन कोणी दिलंच नव्हतं. घरात कोणाला म्हणजे कोणालाच माहीत नाही. रिपोर्ट बरोबर होता आणि बाळ धोक्यात होतं.

"उसने तुझे नहीं बताया?" तिनं मला विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच नवल वाटलं होतं तिला. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"तुझे ही क्यों बताया फिर?" मी विचारलं.

"बोली, वो दीदी तो अपने ही लोगों में से हैं, उनको कैसे बताऊँ."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. माझी भाषा, माझ्या आईचं मंडळ, माझा गणपती, आणि पेशंट कोणाची? रीवाची!

त्यानंतर दर आठवड्याला बाळाची तपासणी सुरू झाली. बाळाचं रक्त कमी पडायला लागलं की ते पातळ होतं आणि मेंदूतल्या शिरेतून भराभर धावतं, सोनोग्राफीवर ते मोजता येतं. एके दिवशी ते धावलं. आता पोटातल्या बाळालाच रक्त द्यायचं होतं, आईच्या पोटातून सुई घालून थेट नाळेच्या शिरेत. हेच बघायला, हेच शिकायला मी या ट्रेनिंगला आले होते. सुई मॅडमच्या हातात, आणि रक्ताची सिरिंज नियमाप्रमाणे रीवावालीच्या.

"तुम मराठी हो ना?" मॅडम मला म्हणाल्या. "सास को बाहर सँभालो."

अंगाचा असा तिळपापड झाला! माझ्या मराठीचा हा उपयोग!

बाहेर बाकावर सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी बसले तशा जवळ सरकल्या. "काहून हो डॉक्टरीणबाई, पहिल्याच खेपेला असं? आमच्या घरात तर कोणाला नाही झालं. तिच्या माहेरचे काही लपवून तर नाही राहिले ना? तुम्ही आपल्यातल्या आहात, तुम्ही सांगाल."

दाराच्या काचेतून रीवावालीची पाठ दिसत होती. त्या मुलीनं तिच्या ॲप्रनचं टोक मुठीत धरलं होतं. माझा संताप संताप झाला, तिच्यावर, त्या मुलीवर, आणि मला तिथे बसवणाऱ्या मॅडमवर. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काही लपवलेलं नाही मावशी," मी म्हटलं. "तिचं रक्त निगेटिव्ह आणि तुमच्या मुलाचं पॉझिटिव्ह. बाळानं बापाचं रक्त घेतलं, म्हणून हे सगळं."

"माझ्या मुलाचं?"

"हो तर! त्याचंच."

मावशींनी बोटावरून पदर सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला. मग दार उघडेपर्यंत तिच्या माहेरचं नाव काढलं नाही.

रक्त पुढे आणखी द्यावं लागलं, आणि दर वेळी मी बाकावर. मुलगी झाली. थोडी आधी झाली, पिवळी होती, निळ्या दिव्याखाली ठेवावी लागली, पण ठणठणीत घरी गेली. सासूबाईंनी वॉर्डभर खोव्याची जलेबी वाटली.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. सासूसुना बाळाला घेऊन आल्या. "डॉक्टरीणबाईनंच केलं हो सगळं," मावशी भर बैठकीत म्हणाल्या. आईची मान ताठ झाली. मी मावशींपुढे तिळगूळ केला. खरं कोणी केलं ते कशाला सांगू?

त्या मुलीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. ठेवता ठेवता माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, तेही हिंदीत, "वो दीदी नहीं आईं? उनको भी दिखाना था."

मी मोबाईल काढला, बाळाचा फोटो घेतला आणि रीवावालीला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. लगेच तिचा फोन आला.

मी उचलला नाही. बाळ माझ्या मांडीवर होतं.