अबोलीच्या वेणीचा कापलेला कोपरा

मी सांगितलेला बांगडा नेहमी मुशीएवढा असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कर्लीच्या खाडीत मी मगरीला दम भरला आणि ती शहाण्यासारखी मागे फिरली — ही गोष्ट माझ्या तोंडून चार वेळा तरी ऐकली असेल, आणि चारही वेळा मगर वेगळ्या लांबीची. पण आज जे सांगतोय ते बायकोला सांगितलेलं नाही, देवीपुढेसुद्धा उच्चारलेलं नाही. आणि गंमत बघा — यात एक अक्षरही वाढवायची गरज नाही.

देवबागच्या वाटेवरच्या एका शाळेत मी गुरुजी. शनिवारी चित्रकला. अठ्ठ्याण्णव साली शाळेत पहिल्यांदा तेलखडू आले, चार पोरांत एक पेटी. मी फुलं काढायला लावायचो. फुलं कसली? सगळ्यांची जास्वंद, सगळ्यांच्या पाच पाकळ्या, आणि रंग असा थापलेला की भिंतीला गिलावा केलाय. मला तरी कुठे येत होतं? येत नव्हतं म्हणून तर मोठ्या आवाजात शिकवायचो.

चौथीत सुगंधा होती. तिची आई मालवणच्या बाजारात मासे विकायची, आणि केसांत रोज अबोलीची वेणी. एका शनिवारी पोरीने तीच वेणी काढली. केशरी घासलं, कडेला पांढरं घासलं, आणि मग — स्वतःच्या तेल चोपडलेल्या केसांतून बोट फिरवून त्या बोटाने पाकळी कडेकडून आत ओढली. एक झाली की पुन्हा केसांत बोट, पुन्हा दुसरी. कागदावर तेलाचे डाग फुटले. मी तो कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"गो बाये, ह्यां चित्र आसा, काय भजी बांधलेलो कागद?"

वर्ग असा हसला की छपराची कौलं हलली — नाही, हे वाढवलं. कौलं जागेवर होती. वर्ग हसला, सुगंधा तेवढी हसली नाही.

कागद मी काढून घेतला. दुपारी जेवून पडवीत बसलो आणि सहज पुन्हा पाहिला. काय सांगू तुम्हाला! डाग होते, पण फुलं — केशरीत पांढरं असं विरघळलं होतं की वेणी आत्ताच पाणी शिंपडून ठेवलीय. मी खोबरेल घेऊन बसलो, करून पाहिलं. जमलं. मला, ज्याला जास्वंद धड येत नव्हती, त्याला जमलं!

मग मी काय करायला हवं होतं? तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. मी कात्री घेतली. कागदाच्या कोपऱ्यात 'सुगंधा, इयत्ता चौथी' असं लिहिलं होतं. तो कोपरा कापला.

पुढचं सोपं झालं. चित्रकलेच्या शिबिरांना मला मसुऱ्याला बोलावलं, देवगडला बोलावलं. तेलखडू घासा, बोटाला थेंबभर खोबरेल, कडेकडून आत — गुरुजनांनी टाळ्या वाजवल्या. हे शिकलात कुठे, असं कुणीतरी विचारलं, आणि माझं तोंड उघडलं. गोव्याच्या किनाऱ्यावर एक फिरंगी चित्रकार भेटला होता म्हणे! पहिल्या वर्षी तो साधा प्रवासी होता. दुसऱ्या वर्षी त्याला दाढी आली. पाचव्या वर्षी त्याचा एक पाय लाकडी झाला, आणि निरोप घेताना त्याने मला मिठी मारून ही अबोलीची वेणी दिली. होय, तीच. कोपरा कापलेली. ती मी शाळेच्या भिंतीवर लावली.

आणि सुगंधा? ती त्यानंतर शनिवारी कोरड्या केसांनी यायची. तिची आई एकदा वाटेत म्हणाली, "गुरुजी, शनवारी ह्यां चेडू डोक्याक तेल लावूक देईना. काय झाला काय समाजना." मी म्हटलं, "पोरां ती, करतत कायतरी." चित्राच्या तासाला ती हात मांडीखाली घालून बसायची. हे मला दिसत होतं. वर्षभर दिसत होतं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. गेल्या शनिवारी ती भाचीला न्यायला शाळेत आली. भाची माझ्याच वर्गात, शेवंती काढत होती. तिने बोट केसांत घातलं, तशी सुगंधाने झटकन तिचा हात धरला.

"गो, डोक्याचां तेल कागदाक लावू नको! गुरुजी सगळ्यांसमोर लाज काढतत."

"आते, गुरुजींनीच दाखवल्यांनी!"

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. माझ्याकडे लाख वाक्यं असतात, तुम्हाला माहीत आहे. मी घसा खाकरला आणि — फिरंगी बाहेर काढला. दाढी, लाकडी पाय, मिठी, सगळं. तिच्या तोंडावर.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग भिंतीवरच्या कागदाजवळ गेली, कापलेल्या कडेवर बोट ठेवलं.

"वेणी बरी आसा, गुरुजी. माझ्या आयेची अशीच असायची."

भाचीचा हात धरून ती निघून गेली.

आठ दिवस मी कुणाला एकही थाप मारली नाही. बायकोला वाटलं, ताप आला. आज हे लिहिलं, आणि डोक्यावरची भरलेली पाटी खाली ठेवली की मान कशी आपोआप वर येते, तसं झालंय. फिरंगी मेला. बरा मेला.

वेणी भिंतीवरून काढून पिशवीत घातली आहे. शाई वाळली की सायकल काढून सुगंधाच्या घरी जाणार. तिथे काय बोलायचं ते दोन ओळींत ठरलं आहे. कागद तिच्या हातात देईन. कोपरा देता येणार नाही. तो मी त्याच दुपारी चुलीत घातला.