घरी पोचल्याचं लिहिलेलं नाही

शेठना पिक्चर काढायचं होतं ते त्यांच्या नातीसाठी. त्यांचा मूळ धंदा साडीच्या डिझाइनचा. उधन्याला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं आणि मी तिथे कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ काढायची. नात दिवसभर मोबाइलवर परदेशी कार्टून बघते, आपल्या देवाधर्मातलं तिला काहीच माहीत नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की शास्त्रातली एखादी गोष्ट घेऊन घरातल्या सगळ्यांना बसून बघता येईल असं कार्टून पिक्चर काढायचं. बडोद्याहून एक दिग्दर्शक आणले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. सरांनी माझ्या वहीतली माणसं पाहिली आणि मला काठांवरून उठवून पिक्चरकडे घेतलं. पडद्यावर जे दिसणार ते आधी कागदावर चौकटी-चौकटीने काढायचं, हे माझं काम.

गोष्ट गुरुजींनी सुचवली. गुरुजी म्हणजे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ. शास्त्राला धरून होतंय की नाही हे बघायला शेठनी त्यांना ठेवलं होतं. पहिल्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी आम्हाला उपनिषदातली ती गोष्ट सांगितली. एक बाप यज्ञ करतो आणि दानात म्हाताऱ्या, आटलेल्या गाई देतो. त्याच्या लहान मुलाला ते बरं वाटत नाही. तो बापाला विचारतो, "मला कोणाला देणार?" एकदा विचारतो, दोनदा विचारतो. तिसऱ्यांदा बाप चिडून म्हणतो, "तुला मरणाला दिलं." मुलगा खरंच निघतो, यमाच्या दाराशी जातो. यम घरी नसतो. मुलगा तीन दिवस उपाशी दारात बसतो. यम परत येतो, ओशाळतो आणि त्याला तीन वर देतो.

"पहिला वर काय मागतो माहितेय?" गुरुजी म्हणाले. "बापाचा राग शांत व्हावा. मी परत गेलो की त्याने मला ओळखावं, माझ्याशी नीट बोलावं."

मी पेन्सिलला टोक करत होते. हात थांबला. गुरुजींना वाटलं, मला गोष्ट फार आवडली.

माझे वडील, आबा, अमळनेरकडचे; कामासाठी इकडे आले, पण बोली तिकडचीच राहिली. लिंबायतच्या एका खात्यात त्यांनी जन्मभर लूम चालवले. खातं म्हणजे लूमचं शेड. आत दोन माणसं शेजारी उभी असली तरी खुणांनी बोलतात. त्या आवाजाने आबांचे कान हळूहळू गेले. आई मी शाळेत असतानाच वारली. मग डिंडोलीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आबा, माझा मोठा भाऊ आणि मी, असे तिघं राहायचो. भावाला मी दादा म्हणायची. आबांनी त्यांच्याच मालकाला शब्द देऊन त्याला लूमवर लावलं. दादाने ते वर्षभर केलं आणि एक दिवस सोडून दिलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला, एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम धरलं. मालकासमोर आबांची मान खाली गेली. नव्या कामाच्या पहिल्या सकाळी दादा डबा घेऊन निघाला तेव्हा आबा दारात उभे होते. "जाय," ते ओरडले, "तठेच मर!" कान गेल्यापासून ते सगळंच मोठ्याने बोलत, त्यामुळे खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असणार.

दादा संध्याकाळी परत आला नाही. कामाच्या जवळ दोन मित्रांच्या खोलीवर राहायला गेला. मला फोन करायचा. आबांना फोनवर ऐकूच यायचं नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर समोर यावं लागणार होतं.

चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "खाली ये, गल्लीच्या तोंडाशी आहे." मी गेले. तो वाळला होता. हातात सीताफळांची पिशवी होती, आबांना सीताफळं आवडतात म्हणून. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग त्याने विचारलं, "वर येऊ का?"

त्या दिवशी सकाळपासून आबा कशावरून तरी धुसफुसत होते. नळाला पाणी आलं नव्हतं, मला वाटतं. मी म्हटलं, "आज नको दादा. आज त्यांचं डोकं तापलंय. पुढच्या रविवारी ये, मी आधी बोलून ठेवते."

"बरं," तो म्हणाला. पिशवी माझ्याकडे दिली आणि रिक्षा थांबवली.

पुढच्या रविवारी त्याला ताप होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी त्याच्या मित्राचा फोन आला. कावीळ झाली होती, कोणाला वेळेवर कळलीच नाही. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. आबांनी त्याच्या पायाला हात लावला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांना गल्लीतल्या भेटीचं कधी सांगितलं नाही. सीताफळं मी बाजारातून आणली असंच सांगितलं होतं, ते तसंच राहू दिलं.

हे सगळं होऊन तीन वर्षं झाली होती, आणि आता मला तो मुलगा काढायचा होता.

मी जीव ओतून काम केलं हे खरं. डिंडोलीच्या रस्त्यावर उकिरड्यात तोंड घालणाऱ्या गाई बघून मी त्या दानाच्या गाई काढल्या, बरगड्या मोजता येतील अशा. बाप काढला तो दुष्ट नाही. थकलेला, चारचौघांत लाजलेला. आणि शेवटी मुलगा घरी येतो तिथे मी दारात एक मुलगी उभी केली. त्याची बहीण. ती चौकटीत उभी आहे, भाऊ उंबऱ्याबाहेर, आणि ती काही बोलत नाही.

गुरुजींनी चष्मा पुसला. "ही कोण?"

"बहीण आहे, गुरुजी."

"मूळ कथेत बहीण नाही बाळा. आणि खरं सांगायचं तर हा प्रसंगच नाही. त्याने वर मागितला, यमाने दिला. पुढे सगळी मृत्यूबद्दलची चर्चा. तो घरी पोचल्याचं तिथे लिहिलेलं नाही."

"म्हणजे तो पोचला की नाही?"

"वर दिलाय म्हणजे पोचला, असं आपण धरतो," गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी मी लवकर घरी गेले. आबांना जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिले. त्यांनी खुणेनं विचारलं, काय झालं? मी मान हलवली. आमच्या घरात कोणतीही गोष्ट सांगायची म्हणजे ओरडून सांगावी लागते. ओरडून सांगता येत नाहीत अशा गोष्टी मग राहूनच जातात.

माझी चित्रं एकापाठोपाठ जोडून, त्यावर कच्चा आवाज घालून, सरांनी पाऊण तासाचा एक नमुना तयार केला. शेठच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तो वीस-पंचवीस मुलांना आणि त्यांच्या आयांना दाखवला. बाप "तुला मरणाला दिलं" म्हणाला तेव्हा एक लहान मुलगी रडायला लागली. ती शेठचीच नात होती. तिच्या आईने तिला उचलून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी आम्हाला बसवलं. शेठ रागावले नव्हते, नेहमीसारखेच गोड बोलत होते. "बेन, चित्र बहु सरस छे," ते मला म्हणाले. "पण हे फॅमिली पिक्चर आहे. बाप असं बोलतो का कधी पोराला?"

"बोलतो, शेठ," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला. "बाप बोलतो. आणि बोलला म्हणूनच तर मुलगा तो वर मागतो. ते काढलं तर राहतं काय?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. शेठनी थोडा विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मुलं घाबरतात, बेन. घाबरलेलं पोर पुन्हा बघत नाही."

गुरुजींनी एकदा घसा साफ केला, पण बोलले नाहीत. नंतर जिन्यात मला म्हणाले, "माझ्या वयात भांडायचा जोर राहत नाही." मी त्यांच्यावर चिडले नाही. मीही दुसऱ्या दिवशी गुपचूप कामावर गेलेच.

गोष्ट बदलली. आता मुलगा वासराच्या मागे धावताना वाट चुकतो आणि चालत चालत यमाच्या दारी पोचतो. यम प्रेमळ काका झाला, त्याचा रेडा शिंकायला लागला. गाई गुबगुबीत झाल्या. बाप काही वाईट बोललाच नाही, त्यामुळे त्याचा राग शांत होण्याचाही प्रश्न उरला नाही. पहिल्या वरात मुलगा सगळ्या गावासाठी लाडू मागतो. पण बहीण मात्र राहिली. शेठना ती फार आवडली. राखीपौर्णिमेच्या सुमाराला पिक्चर दाखवायचं असं त्यांच्या मनात आलं. फक्त तिने गप्प उभं राहायचं नाही. तिने "दादा आला!" म्हणून धावत जायचं, भावाचा हात धरायचा आणि त्याला ओढत घरात आणायचं. तेवढ्याच चौकटी मी पंधरा-सोळा वेळा काढल्या. ओढणारा हात मला जमत नव्हता. शेवटी सरांनी स्वतः काढून दिला.

पिक्चर तयार झालं. काम केलेल्या सगळ्यांच्या घरच्यांना एका थिएटरमध्ये रविवारी सकाळी दाखवायचं ठरलं. मी आबांना सांगणारच नव्हते, पण पास त्यांनी टेबलावर पाहिला. इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याआधी तयार होऊन बसले. थिएटरमध्ये मी अधूनमधून त्यांच्याकडे बघत होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, तरी ते पुढे वाकून सगळं बघत होते. रेडा शिंकला तेव्हा सगळी मुलं हसली आणि ती हसली म्हणून आबाही हसले. शेवटी ती मुलगी धावत गेली, भावाचा हात धरून त्याला आत घेऊन आली, आणि आबा खुर्चीत मागे टेकले.

बाहेर आल्यावर त्यांना दम लागला म्हणून आम्ही पायऱ्यांजवळच्या बाकावर बसलो. भोवती लोक फोटो काढत होते. पडद्यावर माझं नाव आलं होतं, ते त्यांनी वाचलं होतं. त्यांनी भलतंच विचारलं. म्हणाले, "पोऱ्या काबर गया व्हता घर सोडीसन?"

मुलगा घर सोडून कशाला गेला होता, एवढंच त्यांना कळलं नव्हतं. वासरामागे गेला, असं मला सांगता आलं असतं. पण मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि खरी गोष्ट सांगितली. त्यांना ऐकू गेलं नाही. मी मोठ्याने सांगितलं. पुन्हा त्यांनी मान हलवली. मग मी ओरडले, "बापाने त्याला रागात मरणाला देऊन टाकलं, आबा! मर म्हणाला त्याला!"

फोटो काढणारे लोक वळून बघायला लागले. सर दारात थांबले होते, तेही थबकले.

आबांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती पोर चांगली. हात धरीसन घरमा लई गयी."

मी उठायला लागले.

"तो उना व्हता एक दिन," आबा म्हणाले. "सीताफळं लई उना व्हता. मी गॅलरीमाईन पाह्यं. माले वाटनं, तू त्याले वर लई येशी."

त्यांच्या बोलण्यात मला दोष देणं नव्हतं. जे वाटलं ते सांगत होते. तो आला होता, त्यांनी वरून पाहिलं होतं, मी त्याला घेऊन वर येईन म्हणून ते थांबले होते. मी एकटीच पिशवी घेऊन वर गेले. सीताफळं बाजारातून आणली असं मी सांगितलं आणि त्यांनी ती खाल्ली. तेव्हापासून इतकी वर्षं मी त्यांच्यापासून लपवत होते आणि त्यांना सगळं माहीत होतं.

"मग तुम्ही का नाही हाक मारली?" मी विचारलं. ते ऐकू जाण्याइतक्या मोठ्याने मला विचारवलं नाही. त्यांनी फक्त माझे ओठ हललेले पाहिले आणि विचारलं, "काय?" मी म्हटलं, काही नाही, चला.

रिक्षात आम्ही दोघं दोन बाजूंनी बाहेर बघत होतो. घरी आल्यावर मी वांग्याचं भरीत आणि भाकरी केली. मीठ कमी पडलं होतं. आबांनी वरून घेतलं आणि जेवले. संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट नीट घडी करून कपाटात ठेवला. मला वाटलं होतं, एकदा बोललं गेलं की काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही. कधी आबांकडे बघून मला वाटतं, एवढं जिन्याने खाली उतरायला काय झालं होतं यांना? कधी तेच मी स्वतःला विचारते. ते मला काय विचारत असतील, मनात, ते मला माहीत नाही.

पिक्चर आता मोबाइलवर फुकट बघायला मिळतं. खालच्या मजल्यावरची मुलं बघतात. जिन्यात येता-जाता रेड्याची शिंक ऐकू येते. शेठनी आता पुराणातली दुसरी गोष्ट घेतली आहे. त्यातही एक बाप आहे आणि एक मुलगा आहे. मी सरांना सांगितलं, मला फक्त मागची चित्रं द्या. डोंगर, नदी, झाडं, आभाळ. सरांनी का म्हणून विचारलं नाही. माणसं आता नव्याने आलेली एक मुलगी काढते. तिचा हात चांगला आहे.