संमिश्र शून्यं जोडीनेच येतात

मी माजलगावजवळच्या एका कॉलेजात अकरावीला गणित शिकवतो. शनिवारी वास्तव सहगुणकांची, पाचव्या घाताची बहुपदी घेतली होती. म्हणालो, संमिश्र शून्यं असलीच तर दोन असतील नाहीतर चार, म्हणून एक तरी वास्तव असणारच.

सुनीतानं हात वर केला. "सर, तीन कावून न्हाईत? एकटं कावून येत न्हाई?"

तेवढ्यात घंटा झाली. "सोमवारी सांगतो," म्हणालो.

आज सिद्धता तयार करून गेलो, तर तिची जागा रिकामी. शेजारची पोरगी खाली मान घालून बोलली, "सर, काल तिचं लगीन लावलं. ऊसतोडीला मुकादम एकट्याला घेत न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. तिला ज्याला दिली त्या पोराला जोडी पायजे हुती. आज सकाळीच टोळी गेली."

कुणालाच नवल वाटलं नाही, याचीच मला चीड आली.

सुनीताला सोळावं चालू आहे. तिचा जन्मतारखेचा दाखला ऑफिसच्या कपाटात आहे, बालविवाह कळवायच्या हेल्पलाइनचा नंबर बाहेर भिंतीवर आहे. आणि मी फळ्याकडे वळून सिद्धता पूर्ण केली. पोरींनी ती गुपचूप उतरवून घेतली.

आता दुपारचे तीन वाजलेत. फोन अजून केलेला नाही.

शिक्षक मंडळी, तुम्ही वर्ग सोडून आधी फोन लावला असता का? खरं सांगा.